सिगारेट कार्ड

सिगारेट कार्ड : सिगारेटच्या पाकिटासोबत पूर्वी फुकट मिळणारे छोटे सचित्र पुठ्ठ्याचे कार्ड. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत सिगारेटी मऊ कागदी पाकिटांतून विकल्या जात आणि त्या चेपू नयेत म्हणून पाकिटात कोरा पुठ्ठा घालीत. जेम्स बॉन्सॅक याच्या सिगारेट वळणाऱ्या यंत्राला १८८१ मध्ये पेटंट मिळाल्यावर उत्पादन झपाट्याने वाढले, तयार माल खपविण्यासाठी कंपन्यांत चढाओढ लागली आणि या कोऱ्या पुठ्ठ्यावर चित्रे आली. चित्रांचे संच काढले जात असल्याने संच पुरा होईपर्यंत गिऱ्हाईक त्याच छापाची सिगारेट घेत राही.

रिचमंड येथील ॲलन अँड गिंटर कंपनीच्या १८८७ मधील ‘वर्ल्ड्‌स चॅम्पियन्स’ या ५० कार्डांच्या संचात बेसबॉलपटू अवघे दहा होते. बाकीचे मुष्टियोद्धे, मल्ल, नौकापटू, बिलियर्डपटू आणि नेमबाज. नेमबाजांत ॲनी ओकली आणि बफेलो बिल हे ‘वाइल्ड वेस्ट’ या फिरत्या करमणुकीच्या खेळातले कलावंतही आढळतात. नटींची छायाचित्रे असलेली कार्डे तर सर्रास निघत, आणि तंबाखूसम्राट जेम्स ड्यूक याच्या धर्मनिष्ठ पित्याने त्यांतील अश्लीलतेबद्दल १८९४ मध्ये मुलाला पत्राने खडसावले होते.

न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीच्या ‘ओल्ड जज’ कार्डांवर खऱ्या छायाचित्रांच्या तपकिरी प्रती चिकटविलेल्या असत. त्या काळच्या कॅमेऱ्याला धावता खेळाडू टिपणे अवघड असल्याने खेळाडूला स्टुडिओत रंगविलेल्या पडद्यापुढे उभे करीत आणि चेंडू दोरीने टांगून तो झेलण्याचा आविर्भाव करवीत. काही कार्डांवर ही दोरी स्पष्ट दिसते. मैदानात पाऊलही न टाकलेल्या माणसाला खेळाडूचा चेहरा ओळखीचा झाला, तो अशा लटक्या झेलांतून.

१८९० मध्ये पाच प्रमुख कंपन्या ‘अमेरिकन टोबॅको कंपनी’त विलीन झाल्यावर स्पर्धाच उरली नाही, आणि कार्डांचा खर्चही अनावश्यक ठरला. पुढे १९०९ ते १९११ दरम्यान याच कंपनीने पाचशेहून अधिक बेसबॉल कार्डांचा संच काढला; संग्राहक त्याला ‘टी२०६’ म्हणतात. त्यातील बेसबॉलपटू होनस वॅग्नर याचे कार्ड त्याच्याच हरकतीमुळे लवकर थांबले. मुलांनी तंबाखू घेऊ नये म्हणून त्याने नकार दिला, असे सांगतात. परंतु तो स्वतः तंबाखू चघळीत असे, त्यामुळे मोबदल्याचा वादही संभवतो. २०२२ मध्ये या कार्डाची एक प्रत ७२.५ लाख डॉलरना विकली गेली.

ब्रिटनमध्ये ब्रिस्टलच्या विल्स कंपनीने १८९६ मध्ये ५० क्रिकेटपटूंचा संच काढला. रणजितसिंहजी यांची छबीही इंग्लंडमध्ये अशाच कार्डांतून घरोघर गेली. दुसऱ्या महायुद्धातील कागदटंचाईमुळे १९४० मध्ये तेथील कार्डे बंद पडली.