सालाझारच्या पाठीशी कोण होते?

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, पण मोहन रानडे सुटले नाहीत. मूळचे सांगलीचे मनोहर आपटे मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात गेले आणि आझाद गोमंतक दलात सामील झाले. ऑक्टोबर १९५५मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवर हल्ला करताना त्यांना गोळी लागली आणि ते पकडले गेले. २६ वर्षांची शिक्षा झाल्यावर त्यांची रवानगी पोर्तुगालला, लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात झाली. पणजीवर तिरंगा लागल्यानंतरही सात वर्षे ते त्या तुरुंगात होते. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी जिवाचे रान केले. अखेर जानेवारी १९६९मध्ये ते सुटले.

त्यांना डांबून ठेवणारा, हुकूमशहा सालाझारचा पोर्तुगाल नाटो या पाश्चिमात्य लष्करी आघाडीचा संस्थापक सदस्य होता. गोवा मुक्तिसंग्रामाच्या आपल्या कथनात एका बाजूला पाखले, म्हणजे पोर्तुगीज, असतात आणि दुसऱ्या बाजूला सत्याग्रही. एवढासा गरीब देश जगाच्या तीन कोपऱ्यांत वसाहती धरून कसा बसला, त्याला बंदुका, विमाने आणि पैसा कोण पुरवत होते, हा प्रश्न त्यात फारसा येत नाही. तो यायला हवा, कारण गोव्यानंतर तीच शस्त्रे आफ्रिकेत कितीतरी अधिक रक्त सांडत राहिली.

आंतोनियू सालाझार मूळचा कोइंब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक. १९२८मध्ये तो अर्थमंत्री झाला, १९३२मध्ये पंतप्रधान, आणि पुढच्याच वर्षी नवी राज्यघटना आणून त्याने एकपक्षीय राजवट पक्की केली. वर्तमानपत्रांवर छपाईपूर्व सेन्सॉर बसला. ‘पिडे’ या नावाने कुप्रसिद्ध झालेली गुप्त पोलीस यंत्रणा उभी राहिली. केप व्हर्द बेटांवर ताराफाल येथे १९३६मध्ये राजकीय कैद्यांची छावणी उघडली. गोव्यात तर लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून जावी लागे. १८ जून १९४६ला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली, त्यानंतर त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला. त्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली आणि पेनिशच्या किल्ल्यात पाठवण्यात आले.

हे सगळे जगाला ठाऊक असताना ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये नाटोचा करार झाला. त्याच्या प्रास्ताविकात लोकशाही, व्यक्तिस्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य ही तत्त्वे लिहिलेली आहेत, आणि खाली सह्या करणाऱ्या बारा देशांत सालाझारचा पोर्तुगालही आहे.

याचे कारण अटलांटिकच्या मध्यावर सापडते. अझोर्स द्वीपसमूहातल्या तेर्सेरा बेटावर लाजेशची धावपट्टी आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३मध्ये, सालाझारने हे तळ ब्रिटनला वापरायला दिले. त्यासाठी आधार घेतला तो १३७३च्या इंग्लंड-पोर्तुगाल मैत्री तहाचा. मागोमाग अमेरिका आली. अमेरिकेतून युरोपकडे किंवा पश्चिम आशियाकडे निघालेल्या त्या काळच्या लष्करी विमानाला वाटेत इंधन भरायला इतकी सोयीची जागा दुसरी नव्हती. सप्टेंबर १९५१च्या करारानुसार तळ अमेरिकेला मिळाला, आणि त्याच वर्षीपासून पोर्तुगालकडे अमेरिकी लष्करी मदत वाहू लागली.

त्याच १९५१ साली सालाझारने आणखी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या प्रकरणाची किल्ली तीच आहे. घटनादुरुस्ती करून त्याने ‘वसाहती’ हा शब्द पुसला आणि ‘सागरापारचे प्रांत’ हा शब्द घातला. म्हणजे गोवा, अंगोला, मोझांबिक हे सगळे कागदोपत्री पोर्तुगालच. नाटोच्या करारातले संरक्षण मात्र कर्कवृत्ताच्या उत्तरेपुरतेच होते. गोवा त्याच्या बरेच दक्षिणेला. त्यामुळे नाटोचे सैन्य गोव्यासाठी लढायला येणार नव्हते. पण शस्त्र एकदा पोर्तुगालच्या हाती गेले की ते कुठल्या ‘प्रांतात’ जाते, हे ठरवणारा सालाझारच होता.

१५ ऑगस्ट १९५५ला देशभरातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगीज पोलीस आणि सैनिकांनी गोळीबार केला, त्यात वीसहून अधिक जण ठार झाले. बांद्याहून गोव्यात उतरताना पत्रादेवीला त्यांचे स्मारक लागते. नानासाहेब गोरे त्याआधीच कैदेत होते, मधू लिमये यांनाही बारा वर्षांची शिक्षा झाली. या गोळीबाराला चार महिनेही झाले नव्हते, तेव्हाची गोष्ट. ख्रुश्चॉव्ह आणि बुल्गानिन भारताच्या दौऱ्यावर आले होते आणि गोवा भारताचाच असल्याचे जाहीरपणे सांगत होते. २ डिसेंबरला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्री पाउलू कुन्हा यांच्यासह संयुक्त पत्रक काढले. त्यात सोव्हिएत नेत्यांच्या या वक्तव्यांचा निषेध होता आणि गोव्याचा उल्लेख पोर्तुगीज ‘प्रांत’ असा होता. सालाझारने चार वर्षांपूर्वी रूढ केलेला शब्द अमेरिकेने जसाच्या तसा उचलला. भारतात संतापाची लाट उसळली. पत्रकारांनी छेडले तेव्हाही डलेस मागे हटले नाहीत. चारशे वर्षे तो पोर्तुगीज प्रांतच आहे, असे त्यांचे उत्तर होते.

१९६१च्या डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात उतरले. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी सुरक्षा परिषदेत शस्त्रसंधीचा आणि भारताने फौजा मागे घेण्याचा ठराव आणला. सात विरुद्ध चार मते पडली आणि सोव्हिएत नकाराधिकाराने ठराव बारगळला. संयुक्त राष्ट्रांच्या अंताची ही सुरुवात ठरेल, अशा आशयाचे भाषण अमेरिकेच्या ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी त्या दिवशी केले. पत्रादेवीच्या गोळीबारानंतर या दालनातून असा हुंदका ऐकू आला नव्हता. सालाझारने गोव्यातल्या आपल्या सैन्याला शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम दिला होता. गव्हर्नर जनरल वासालू इ सिल्वा यांनी तो मोडला, शरणागती पत्करली आणि हजारो जीव वाचवले. मायदेशी परतल्यावर त्यांना सैन्यातून हाकलण्यात आले.

अमेरिकेचे धोरण सरळ रेषेत गेले असे मात्र नाही, आणि ते नोंदवले पाहिजे. १९६१च्या सुरुवातीला अंगोलात उठाव झाला, त्यावर पोर्तुगालने नापाम बॉम्बपर्यंत सगळे वापरले. मार्चमध्ये केनेडी सरकारने सुरक्षा परिषदेत पोर्तुगालविरुद्ध, चक्क सोव्हिएत संघाच्या बरोबरीने मत दिले. लष्करी मदतही आखडती घेतली. त्याच उन्हाळ्यात बर्लिनचा पेच उभा राहिला, आणि लाजेशचा करार १९६२च्या अखेरीस संपत होता. सालाझारने नवा करार केलाच नाही. अमेरिकनांना तळावर राहू दिले, पण कधी जा म्हणेल याची खात्री ठेवली नाही. ही टांगती तलवार नऊ वर्षे राहिली आणि तेवढ्या काळात वॉशिंग्टनचा आवाज खाली आला.

कागदोपत्री अट होती की दिलेली शस्त्रे आफ्रिकेत वापरायची नाहीत. ती कशी पाळली जाई, याचे एक उदाहरण. अमेरिकेने नाटोसाठी दिलेली एफ-८६ लढाऊ विमाने पोर्तुगालने १९६१मध्ये आफ्रिकेतल्या पोर्तुगीज गिनीत बिसावजवळच्या तळावर नेली. अमेरिकेने दबाव आणल्यावर १९६४मध्ये ती परत नेण्यात आली. दोन वर्षांत पश्चिम जर्मनीकडून चाळीस फियाट जी-९१ विमाने आली. फक्त नाटोच्या संरक्षणासाठी, हीच अट. पण ‘सागरापारचे प्रांत’ म्हणजे पोर्तुगालच, तेव्हा तिथले युद्धही पोर्तुगालचे संरक्षण, असा लिस्बनचा अर्थ. विमाने गिनी आणि मोझांबिकमध्ये गावांवर बॉम्ब टाकू लागली. फ्रान्सने आलुएत हेलिकॉप्टर, पाणबुड्या आणि युद्धनौका विकल्या. सैनिकांच्या खांद्यावरची जी-३ रायफल जर्मन परवान्याने लिस्बनमध्येच तयार होत असे.

१९६८मध्ये सालाझारला पक्षाघात झाला आणि त्याच्या जागी मार्सेलो कायतानो पंतप्रधान झाला, युद्धे तशीच चालू राहिली. डिसेंबर १९७१मध्ये रिचर्ड निक्सन यांच्या सरकारने लाजेशचा करार पुन्हा केला आणि बदल्यात चाळीस कोटी डॉलरहून अधिक कर्ज व मदत देऊ केली. निक्सन स्वतः तेर्सेरा बेटावर गेले ते १३ आणि १४ डिसेंबरला. त्या वेळी आपले सैन्य ढाक्याच्या वेशीवर होते. परतीच्या विमानात त्यांचे सल्लागार हेन्री किसिंजर पत्रकारांना सांगत होते की रशियाने भारताला आवरले नाही तर मॉस्कोची शिखर परिषद धोक्यात येईल.

वर्षभराने, १६ डिसेंबर १९७२ला, मोझांबिकमधल्या विरियामू आणि आसपासच्या वस्त्यांत पोर्तुगीज कमांडो हेलिकॉप्टरमधून उतरले. सुमारे चारशे माणसे मारली गेली, त्यात बायका आणि तान्ही मुलेही होती. कॅथलिक धर्मगुरूंनी मृतांची नावे जमवली. ती माहिती लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये छापून आली १० जुलै १९७३ला. कायतानो त्यानंतर आठवडाभरात लंडनला यायचे होते. निमित्त होते त्याच १३७३च्या मैत्री तहाच्या सहाशे वर्षांचे. विरोधी पक्षनेते हॅरॉल्ड विल्सन यांनी भेट रद्द करण्याची मागणी केली, रस्त्यांवर निदर्शने झाली. सरकारने समारंभ पार पाडला.

राजवट शेवटी पाडली ती आफ्रिकेच्या युद्धांतून पोळून परतलेल्या कॅप्टन हुद्द्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी. २५ एप्रिल १९७४च्या सकाळी लिस्बनच्या लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुले खोचली. त्या छायाचित्रांतल्या कितीतरी बंदुका जी-३ आहेत. दोन दिवसांत काशियशचे दरवाजे उघडले आणि राजकीय कैदी बाहेर आले. ३१ डिसेंबर १९७४च्या कराराने पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली भारताची असल्याचे मान्य केले.