व्हिक्टोरियन फुटबॉल लीग : दुसऱ्या फळीची पुनर्रचना आणि प्रेक्षक

व्हिक्टोरियन फुटबॉल लीग (व्हीएफएल) ही ऑस्ट्रेलियन फुटबॉलची दुसऱ्या फळीची स्पर्धा आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, मुख्यतः मेलबर्नच्या उपनगरांत ती वाढली. २०२१ पासून क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्समधले संघही तिच्यात खेळतात. वरच्या फळीत ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग (एएफएल) आहे. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ या स्पर्धेपुढे एकच प्रश्न आहे. शेजारच्याच मैदानावर देशातले सर्वोत्तम खेळाडू खेळत असताना लोकांनी आपल्याकडे का यावे? या प्रश्नावर स्पर्धेने वेगवेगळ्या काळात जी उत्तरे शोधली, तोच तिच्या पुनर्रचनांचा इतिहास आहे.

हा फुटबॉल म्हणजे आपल्या ओळखीचा गोल चेंडूचा खेळ नव्हे. हिवाळ्यात क्रिकेटची मैदाने मोकळी होतात. त्याच लंबगोल मैदानांवर १८-१८ खेळाडूंचे दोन संघ अंडाकृती चेंडूने हा खेळ खेळतात. चेंडू पायाने मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने टोलवायचा. हाताने फेकायचा नाही. हा फेकण्याचा नियम ध्यानात ठेवावा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

या स्पर्धेची मूळ संस्था व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशन (व्हीएफए). ती १८७७ मध्ये स्थापन झाली आणि पहिली वीस वर्षे मेलबर्नमधला सर्वोच्च फुटबॉल तिचाच होता. १८९६ च्या अखेरीस कॉलिंगवुड, एसेंडन, फिट्झरॉय, जिलाँग, मेलबर्न आणि साउथ मेलबर्न हे बलाढ्य क्लब बाहेर पडले. त्यांनी कार्लटन व सेंट किल्डा यांना सोबत घेऊन वेगळी लीग काढली. असोसिएशनकडे पाच क्लब उरले : फुट्सक्रे, नॉर्थ मेलबर्न, पोर्ट मेलबर्न, रिचमंड आणि विल्यम्सटाउन. पुढेही गळती थांबली नाही. १९०८ मध्ये रिचमंड गेला. १९२५ मध्ये फुट्सक्रे, नॉर्थ मेलबर्न आणि हॉथॉर्न गेले. जो क्लब मोठा होई, ज्याच्या मागे गर्दी जमे, तोच वर उचलला जाई. खालच्या फळीने रोप वाढवायचे आणि बहरल्यावर ते दुसऱ्याच्या अंगणात जायचे, असा हा क्रम होता. फुट्सक्रेने तर जाण्याआधी, १९२४ मध्ये, असोसिएशनचा विजेता म्हणून लीगच्या विजेत्या एसेंडनला हरवले होते. महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांच्या मदतीसाठी तो सामना खेळवला होता. दोन फळ्यांमधले अंतर खेळाच्या दर्जाइतकेच पैशाचे आणि प्रतिष्ठेचेही होते, हे त्या निकालावरून दिसते.

नावाचा एक गुंता इथेच सोडवणे बरे. १८९७ मध्ये खेळू लागलेल्या त्या वरच्या लीगचे नावही व्हिक्टोरियन फुटबॉल लीग असेच होते. ती देशभर पसरली आणि १९९० मध्ये तिने ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग हे नाव घेतले. मोकळे झालेले जुने नाव १९९६ मध्ये असोसिएशनच्या स्पर्धेला मिळाले. त्यामुळे १९९० च्या आधीच्या लिखाणातली व्हीएफएल आणि आजची व्हीएफएल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जुन्या आठवणी सांगणाऱ्या मेलबर्नकरांशी बोलताना नवखा माणूस हमखास इथे अडखळतो.

प्रेक्षक परत आणण्याचा पहिला मोठा आणि सर्वांत धाडसी प्रयत्न १९३८ चा. असोसिएशनने खेळाचा नियमच बदलला. दोन्ही हातांनी, खांद्याच्या खालून चेंडू फेकायला तिने परवानगी दिली. खेळ एकदम वेगवान झाला. घोळक्यात अडकणारा चेंडू झटकन बाहेर निघू लागला आणि पळणाऱ्या खेळाडूंना वाव मिळाला. त्याच सुमारास लीगशी असलेला खेळाडूंच्या बदलीचा करार मोडला गेला. लीगमधले नामांकित खेळाडू परवानगीशिवाय इकडे येऊ लागले. साउथ मेलबर्नचा लॉरी नॅश कॅम्बरवेलला आला, बॉब प्रॅट कोबर्गला आला, कॉलिंगवुडचा रॉन टॉड विल्यम्सटाउनला आला. १९४५ च्या एका हंगामात टॉडने १८८ गोल केले. १९३९ चा अंतिम सामना विल्यम्सटाउन आणि ब्रन्सविक यांच्यात मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर झाला, तेव्हा ४७ हजारांवर लोक आले होते. दुसऱ्या फळीच्या सामन्याला एवढी गर्दी मेलबर्नने पुन्हा पाहिली नाही.

या काळाकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण पुढच्या सगळ्या प्रयत्नांचे माप इथे मिळते. लोक आले ते क्लबांची संख्या वा गुणतक्त्याची रचना बदलली म्हणून नव्हे. वरच्या लीगमध्ये न मिळणारी गोष्ट इथे मिळत होती : निराळा खेळ आणि नावाजलेले खेळाडू. युद्धामुळे १९४२ ते १९४४ स्पर्धा बंद होती, तरी १९४५ मध्ये ती जोमाने उभी राहिली. मात्र वेगळ्या नियमांची किंमतही होती. असोसिएशन राष्ट्रीय संघटनेबाहेर राहिली आणि खेळाडूंवरून झगडे चालू राहिले. अखेर १९४९ मध्ये ती राष्ट्रीय संघटनेत सामील झाली आणि फेकीचा नियम सोडून दिला. वैशिष्ट्य गेले. पुढच्या दशकात लोकही पांगले.

दुसरा प्रयत्न १९५९ ते १९६१ या तीन वर्षांत एकापाठोपाठ एक झाला. आधी प्रत्येक संघातून कडेचे दोन खेळाडू कमी करून १६-१६ चा खेळ सुरू केला, म्हणजे मैदान मोकळे आणि गोल जास्त. मग १९६० मध्ये रविवारचे सामने सुरू झाले. १९६१ मध्ये चढउतार असलेले दोन विभाग झाले, म्हणजे खालच्या विभागात जिंकणारा वर जाई आणि वरच्यात तळाला राहणारा खाली येई. यातला रविवार सर्वांत मोलाचा ठरला. तेव्हाच्या मेलबर्नमध्ये रविवारी करमणूक फारशी नसे आणि वरची लीग शनिवारी खेळे. शनिवारी आपला लीगचा संघ पाहायचा आणि रविवारी घराजवळच्या मैदानावर पोर्ट मेलबर्न नाहीतर डँडेनाँग पाहायला जायचे, अशी कित्येक कुटुंबांची रीत पडली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून चॅनल झिरोने रविवारचे सामने दूरचित्रवाणीवर दाखवले आणि पोर्ट मेलबर्नचा फ्रेड कुक, डँडेनाँगचा जिम मिलर यांसारखे गोल करणारे घराघरांत पोहोचले. १९७६ मध्ये याच दोन क्लबांमधला अंतिम सामना जंक्शन ओव्हलवर ३० हजारांहून अधिक लोकांनी पाहिला. पोर्ट मेलबर्न हा गोदीकामगारांचा भाग. तिथे क्लब आणि वस्ती यांत फरक करणे अवघड होते, आणि संघाने १९७४ ते १९८२ या काळात सहा विजेतेपदे मिळवली.

हे वैभव एका मोकळ्या दिवसावर उभे होते. १९८२ मध्ये साउथ मेलबर्नचा संघ सिडनीला हलवला गेला. तिथले त्याचे सामने रविवारी होऊ लागले आणि मेलबर्नमध्ये थेट दिसू लागले. पुढे लीग मेलबर्नमध्येही रविवारी खेळू लागली. असोसिएशनचा दिवस गेला, त्यामागोमाग दूरचित्रवाणी गेली, मग जाहिराती. दुसऱ्या विभागातले क्लब आधी कोसळले. यारावील, कॉफील्ड, नॉर्थकोट, वेव्हर्ली, जिलाँग वेस्ट हे एकेक करून बाहेर पडले. १९८८ नंतर दोन विभागांची पद्धत बंद झाली. १९९४ अखेर डँडेनाँग, ओकली आणि प्रहरानही गेले, आणि असोसिएशनचे स्वतंत्र प्रशासनच संपले. १९९५ पासून कारभार राज्य पातळीवरच्या संस्थेकडे गेला. ११७ वर्षे स्वतःचे नियम स्वतः ठरवणाऱ्या संस्थेचा हा शेवट होता आणि जुन्या सभासदांना तो फार लागला.

तिसरी पुनर्रचना २००० ची. तोवर एएफएल क्लबांचे राखीव संघ वेगळी स्पर्धा खेळत आणि त्यांचे सामने मुख्य सामन्याआधी त्याच मैदानावर होत. १९९९ नंतर ती स्पर्धा बंद केली आणि राखीव खेळाडू व्हीएफएलमध्ये आणले. काही एएफएल क्लबांनी स्वतःचा राखीव संघ उतरवला, तर बाकीच्यांनी जुन्या क्लबांशी संलग्नता केली. हॉथॉर्न बॉक्स हिलशी जोडला गेला, मेलबर्न सॅन्ड्रिंगहॅमशी, कॉलिंगवुड विल्यम्सटाउनशी, रिचमंड कोबर्गशी, एसेंडन बेंडिगोशी, कार्लटन प्रेस्टनच्या क्लबशी.

खेळाचा दर्जा यामुळे निश्चित वाढला. सॅन्ड्रिंगहॅमने २००४ ते २००६ सलग तीन विजेतेपदे मिळवली. पण क्लबाच्या समर्थकाला काय मिळाले? शुक्रवारी एएफएलची संघनिवड होईपर्यंत आपल्याकडून कोण खेळणार हे कळायचे नाही. वर दोघे जखमी झाले की इकडचे दोघे गेले. वस्तीतल्या मुलाची जागा एखाद्या एएफएल खेळाडूच्या सरावासाठी घेतली जायची. कोणत्या स्थानावर कोणी खेळायचे हेही कधीकधी वरून ठरे. शिवाय संलग्नता टिकली नाही, तर क्लब उघड्यावर पडे. एसेंडन बाजूला झाल्यावर बेंडिगो दोन हंगाम कसाबसा चालला आणि २०१४ नंतर बंद पडला. २०२० मध्ये कार्लटन निघून गेल्यावर प्रेस्टनच्या क्लबाला पुन्हा शून्यातून संघ बांधावा लागला. याउलट पोर्ट मेलबर्नने २०११ मध्ये कोणाशीही संलग्न नसताना एकही सामना न हरता विजेतेपद मिळवले. त्या हंगामाचा उल्लेख तिथले लोक आजही अभिमानाने करतात.

क्लब हा वस्तीच्या मालकीचा असतो, याचा पुरावा फ्रँकस्टनने दिला. मेलबर्नच्या दक्षिणेला समुद्रकाठी असलेल्या या क्लबाचा परवाना मोठ्या कर्जामुळे २०१६ मध्ये रद्द झाला. समर्थकांनी आणि स्थानिकांनी पैसा उभा केला, देणेकऱ्यांशी तडजोड झाली, आणि २०१८ मध्ये क्लब स्पर्धेत परतला. नॉर्थ बॅलरॅटला मात्र हे जमले नाही; २०१७ नंतर त्याचा परवाना गेला.

चौथी पुनर्रचना महामारीतून आली. २०२० चा हंगाम रद्द झाला. उत्तरेकडच्या राज्यांमधली समांतर स्पर्धाही थांबली. २०२१ मध्ये दोन्ही एकत्र करून पूर्व किनाऱ्याची २२ संघांची स्पर्धा उभी केली. ब्रिस्बेन, गोल्ड कोस्ट, सिडनी आणि ग्रेटर वेस्टर्न सिडनी यांचे राखीव संघ, तसेच साउथपोर्ट व अॅस्पली हे स्वतंत्र क्लब आत आले. एएफएलच्या दृष्टीने ही रचना सोयीची आहे, कारण तिच्या राखीव खेळाडूंना चांगली लढत मिळते. पण पाहणाऱ्याच्या अंगाने ती अवघड झाली. सगळे संघ एकमेकांशी खेळत नाहीत, त्यामुळे गुणतक्ता वाचताना कोण कोणाशी खेळला हेही पाहावे लागते. कोबर्गच्या माणसाला ब्रिस्बेनच्या राखीव संघाविषयी ना राग, ना ओढ. विमानाचा प्रवास करून पाहुण्या संघाचे समर्थक येत नाहीत. अॅस्पली एका हंगामानंतरच बाहेर पडला. २०२३ पासून पहिल्या दहा संघांना बाद फेरीचे दार उघडले. सातव्या ते दहाव्या क्रमांकाच्या संघांची आधी आपसांत लढत होते. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांना त्यामुळे अर्थ आला, पण जुनी वैरे अशा युक्तीने तयार होत नाहीत.

इतर राज्यांशी तुलना इथे उपयोगी आहे. साउथ ऑस्ट्रेलियाच्या लीगचा १९७६ चा अंतिम सामना ६६,८९७ लोकांनी पाहिला होता. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात १९७९ मध्ये ५२ हजारांवर लोक आले. पुढे त्या राज्यांतून एएफएलचे संघ निघाले आणि तिथल्या लीगही दुसऱ्या फळीत गेल्या. तरी अॅडलेडमध्ये २०१७ चा अंतिम सामना पाहायला सुमारे ४० हजार लोक आले. स्टर्ट, नॉरवुड, पोर्ट अॅडलेड ही नावे तिथे पिढ्यांपासूनची आहेत आणि क्लबांची संख्या मर्यादित ठेवल्याने प्रत्येकाची गाठ प्रत्येकाशी पडते. व्हिक्टोरियात १८९६ आणि १९२५ मध्ये मोठे क्लब वर गेल्यामुळे असा पाया उरलाच नव्हता, हे न्यायाने सांगायला हवे.

मग आज व्हीएफएलच्या मैदानावर कोण येते? बहुतेक सामन्यांना काही शे ते काही हजार. पण जे येतात त्यांना एएफएलच्या भव्य स्टेडियममध्ये न मिळणारे बरेच काही मिळते. गाडी मैदानाजवळ लावता येते. कुंपणाला टेकून, खेळाडूंच्या हाकाऱ्या ऐकू येतील इतक्या जवळून सामना दिसतो. विल्यम्सटाउनला पाठीमागे समुद्र असतो. खेळाच्या चौथ्या हिश्श्याआधीच्या विश्रांतीत प्रेक्षक मैदानात उतरतात. प्रशिक्षक संघाला काय सांगतो ते घोळक्याभोवती उभे राहून ऐकतात. मुले तेवढ्यात हिरवळीवर चेंडू मारून घेतात. एखादी दिग्गज कामगिरीही इथे नजरेसमोर घडते. २०१९ मध्ये मार्लिअन पिकेट रिचमंडच्या राखीव संघाकडून व्हीएफएलचा अंतिम सामना खेळला आणि त्यात सर्वोत्तम ठरला. पुढच्या शनिवारी त्याने एएफएलमध्ये पदार्पण केले, तेही थेट अंतिम सामन्यात, आणि तोही जिंकला.

प्रेक्षकवाढीचे जे उपाय खरोखर लागू पडतात ते याच जवळिकीवर बेतलेले आहेत : एएफएलच्या सामन्यांशी न भिडणारी वेळ, महिला व पुरुष संघांचे सामने एकाच दिवशी एकाच मैदानावर, लहानांना मोफत प्रवेश, शाळांशी आणि वस्तीतल्या कनिष्ठ क्लबांशी नाते. वेरिबीचे उदाहरण या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मेलबर्नच्या पश्चिम टोकाचा हा क्लब २०१७ पर्यंत नॉर्थ मेलबर्नशी संलग्न होता. ती साथ सुटल्यावर तो स्वतःच्या बळावर उभा राहिला, २०२३ मध्ये अंतिम सामन्यात गोल्ड कोस्टकडून हरला, आणि २०२४ मध्ये साउथपोर्टला हरवून १९९३ नंतरचे पहिले विजेतेपद घेऊन घरी आला. वेरिबी, टार्निट, पॉइंट कुक हा भाग गेल्या दोन दशकांत झपाट्याने वाढला. इथे स्थायिक झालेल्या भारतीयांत मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. त्यांची मुले शाळेत हाच अंडाकृती चेंडू हाताळतात, आणि वेरिबीचे मैदान त्यांच्या घरापासून गाडीने थोड्याच मिनिटांवर आहे.