कूलरच्या ताट्या आणि एक 'तर'

"मी ताट्या आणाले इतवारीत गेलो नसतो, तर ती वाचली असती." शेजारचे काका तीन वर्षांपासून हेच म्हणताहेत. नागपुरातल्या ऐन उन्हाळ्यातली, नवतप्यातली दुपार होती. कूलरच्या नव्या ताट्या काखोटीला मारून ते घरी आले, तेव्हा काकू ओट्याजवळ पडलेल्या होत्या. हृदयविकाराचा झटका.

शेवट माहीत असलेला सिनेमा पुन्हा पाहा. सुरुवातीचा साधा खोकलाही इशारा वाटतो. दुःखातलं मन आठवणी अशाच पाहतं. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा युद्धाची माहिती वाचायला दिली. काहींना सांगितलं इंग्रज जिंकले, काहींना गुरखे. मग म्हणाले, निकाल माहीत नाही असं समजून अंदाज बांधा. जमलं नाही! ज्याला जो निकाल सांगितला होता, त्याला तोच जास्त संभवनीय वाटला. कळलेली गोष्ट मनातून पुसता येत नाही.

पण मग बोट स्वतःकडेच का वळतं? डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये एका काल्पनिक अपघाताची गोष्ट मांडली. घरी परतणाऱ्या माणसाच्या गाडीला नशेतल्या पोराचा ट्रक धडकतो. गोष्टीत तो माणूस नेहमीचा रस्ता सोडून गेला असेल, तर वाचणारे म्हणतात, "रोजच्या रस्त्याने गेला असता तर..." लवकर निघाला असेल, तर "वेळेवर निघाला असता तर..." त्या पोराने नशा केली नसती तर, हे बहुतेकांना सुचलंच नाही. रोजच्यापेक्षा वेगळं जे घडलं, मन तेच आधी खोडू पाहतं. काका एरवी दुपारी घराबाहेर पडत नाहीत.

अशी बोच बहुतेकांची हळूहळू बोथट होते. सहा महिन्यांहून जास्त काळ दुःख तितकंच तीव्र राहिलं आणि रोजचं जगणं अडू लागलं, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात तो आजार ठरू शकतो. अपराधभाव हे त्याचं एक लक्षण. त्यावर उपचार आहेत. काका अजून तयार नाहीत.

मी एकदा विचारलं, निघताना काकू काय म्हणाल्या होत्या? ते बराच वेळ गप्प होते.

"आजच जा म्हणे, रात्री झोप येत नाही गर्मीनं. तिनंच त पाठवलं मले."

मग चष्मा पुसत म्हणाले, "पण सकाळीच गेलो असतो तर..."