प्रवाळाच्या टाकीतले प्रत्येक यंत्र कुठून आले

घरी प्रवाळ पाळायचे ठरवले की आधी हातात पडते ती सामानाची यादी. प्रोटीन स्किमर, सम्प, वेव्हमेकर, लाइव्ह रॉक, आरओ-डीआय, डोसिंग पंप, एलईडी, चिलर. दुकानदार एक सांगतो, अनुभवी पाळणारा दुसरेच सांगतो, आणि नवा माणूस बहुतेक वेळा सगळेच घेऊन मोकळा होतो किंवा घाबरून नादच सोडतो. या यादीला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. तिच्यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी टाकीत प्रवाळ मेले आणि ते का मेले याचा कुणीतरी चिकाटीने शोध घेतला, म्हणून आली. हा क्रम माहीत असेल तर आपल्या टाकीला काय लागेल आणि काय लागणार नाही, हे ठरवणे पुष्कळ सोपे जाते.

सुरुवात एका बाईंपासून होते, आणि त्यांचे नाव या छंदातल्या फार थोड्या लोकांना माहीत असते याचे मला नेहमी वाईट वाटते. अ‍ॅना थिन यांनी १८४६ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की गावाहून काही दगडी प्रवाळ लंडनला आणले. वाटेत हादरे बसू नयेत म्हणून सुई-दोऱ्याने ते स्पंजावर टाचले होते. समुद्र लांब, ताजे खारे पाणी कायम मिळणे अवघड. मग तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरायचे ठरले. घरातली मोलकरीण उघड्या खिडकीपाशी बसून ते एका भांड्यातून दुसऱ्यात धार धरून ओतायची, म्हणजे त्यात हवा मिसळे. पुढे थिन यांनी भांड्यांत समुद्री वनस्पतीही ठेवल्या. ते प्रवाळ जवळपास तीन वर्षे जगले, त्यांना पिल्ले झाली आणि या निरीक्षणांचा त्यांचा लेख १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला. पाणी खेळते ठेवणे आणि त्यात हवा मिसळणे ही दोन कामे आज पंप करतात. तेव्हा ती हाताने होत होती.

थिन यांच्या यशाला एक मर्यादा होती. त्यांचे प्रवाळ थंड पाण्यातले होते आणि त्यांच्या शरीरात शैवाल नव्हते, त्यामुळे त्यांना उजेडाची फारशी गरज नव्हती. उष्ण कटिबंधातले भिंत बांधणारे प्रवाळ वेगळे. त्यांच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचे सूक्ष्म एकपेशीय जीव राहतात आणि प्रकाशापासून तयार केलेल्या अन्नातला मोठा वाटा प्रवाळाला देतात. कार्ल ब्रँट यांनी १८८१ मध्ये त्यांना हे नाव दिले. सहजीवनाचे नेमके स्वरूप समजायला मात्र विसावे शतक उजाडले. १९२८-२९ ची ग्रेट बॅरियर रीफवरची ब्रिटिश मोहीम आणि त्यानंतर पलाऊ बेटांवरच्या जपानी संशोधन केंद्रातले सिरो कावागुती यांचे काम यांचा त्यात मोठा हात आहे.

दरम्यान युरोपात काचेच्या टाक्यांचे वेड पसरले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये सार्वजनिक मत्स्यालय उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे समुद्री टाक्यांवरचे पुस्तक आले आणि घरोघरी समुद्रफुले ठेवण्याची टूम निघाली. त्याची किंमत किनाऱ्याने मोजली. खडकांमधली जीवांनी भरलेली डबकी हौशी संग्राहकांनी ओरबाडून रिकामी केली, असे गॉस यांच्या मुलानेच पुढे खंतावून लिहिले आहे. छंदाचा हा दोष तेव्हापासूनचा आहे.

यानंतरची शंभर वर्षे प्रवाळांच्या बाबतीत जवळजवळ कोरडी गेली. विसाव्या शतकाच्या मध्यावर सिलिकोनने जोडलेल्या काचेच्या टाक्या आल्या, म्हणून मिठाने गंजणारी धातूची चौकट गेली. पाकिटातले कृत्रिम समुद्री मीठ आले. खडीखालून पाणी ओढणारे फिल्टर आले आणि त्यावर मासे बऱ्यापैकी जगू लागले. पण त्या काळातल्या टाकीतले ‘प्रवाळ’ म्हणजे बहुधा ब्लीचमध्ये धुतलेला पांढरा सांगाडा असे. जिवंत प्रवाळ आणला तर तो काही आठवड्यांत झडे. खडीतले जिवाणू माशांनी मुख्यतः कल्ल्यांवाटे सोडलेला अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात. तिथे काम थांबते आणि नायट्रेट साचत जाते. माशाला ते चालते. प्रवाळभिंतीवरचे पाणी मात्र पोषकद्रव्यांच्या दृष्टीने अत्यंत गरीब असते. नायट्रेट-फॉस्फेट वाढले की टाकीत केसाळ शैवाल माजते, प्रवाळ तपकिरी पडतात आणि फॉस्फेटमुळे तर त्यांचे सांगाडे बनणेच मंदावते. म्हणजे ज्या फिल्टरने मासे वाचवले, तोच प्रवाळांना हळूहळू मारत होता.

यातून बाहेर पडायची वाट जाकार्तात सापडली होती. ली चिन इंग यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत लिहिली. समुद्रातून जीवांसकट आणलेले सच्छिद्र दगड, समुद्राची वाळू, समुद्राचेच पाणी, हवेच्या बुडबुड्यांची एक साधी धार आणि खिडकीतून येणारे ऊन. फिल्टर नाहीच! दगडाच्या आतल्या, प्राणवायू न पोहोचणाऱ्या पोकळ्यांत वेगळ्या जातीचे जिवाणू राहतात आणि ते नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. हा वायू पाण्याबाहेर निघून जातो. खडीच्या फिल्टरचे अर्धवट सुटलेले काम दगड पूर्ण करत होता. त्या वेळी हे असे मांडले गेले नव्हते. थंड देशांत ज्यांनी अनुकरण केले, त्यांच्याकडे ना ते ऊन होते ना समुद्रातून त्याच दिवशी निघालेला ताजा दगड, म्हणून ती पद्धत बरीच वर्षे बाजूला पडली. आज आपण ज्याला लाइव्ह रॉक म्हणतो, ते हेच.

खरा पाया रचला जर्मन भाषक हौशी लोकांनी. प्रोटीन स्किमर तिथे १९६० च्या दशकात घरगुती टाक्यांत आला. उभ्या नळीत अतिशय बारीक बुडबुडे सोडायचे. पाण्यातले सेंद्रिय रेणू हवा-पाण्याच्या सीमेला चिकटतात, त्यांचा फेस वर चढतो आणि पेल्यात घाणेरडा काढा जमा होतो. यात मोलाची गोष्ट अशी की ही घाण जिवाणूंनी कुजवून नायट्रेट बनण्याआधीच पाण्याबाहेर पडते. टाकीत काय साचू द्यायचे नाही हे एकदा कळले, की स्किमरवर खर्च का करायचा हेही कळते.

दुसरा प्रश्न कॅल्शियमचा होता. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. वाढणारा दगडी प्रवाळ ते सतत शोषून सांगाड्यात घालतो, आणि शे-दोनशे लिटरच्या टाकीत ते बघता बघता उतरते. स्वित्झर्लंडचे पीटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात यावर चुन्याची निवळी वापरायला शिकवले. बाष्पीभवनाने रोज जेवढे पाणी उडते, तेवढ्याची भरपाई निवळीने करायची. त्यातून कॅल्शियमही मिळते आणि पाण्याची क्षारताही (अल्कलिनिटी, खारेपणा नव्हे) टिकते. निवळीचा पीएच १२ च्या पुढे असल्याने ती थेंबथेंबच, शक्यतो रात्री सोडावी लागते. (यासाठी शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडच हवे. पानाच्या चुन्यात काय काय मिसळलेले असते ते सांगता येत नाही. तो टाकीत जाऊ नये.)

हे सगळे धागे एकत्र आले बर्लिनमध्ये. तिथल्या पाळणाऱ्यांनी जिवंत दगड, जोरकस स्किमर, मेटल हॅलाइड दिव्यांचा प्रखर उजेड, भरपूर प्रवाह आणि चुन्याची निवळी एवढ्यावर टाक्या चालवून दाखवल्या. वेगळा जैविक फिल्टर त्यांनी काढूनच टाकला. या गटातले डीट्रिख श्टुबर यांच्या टाकीत वाढलेल्या एका अ‍ॅक्रोपोराच्या (हा फांद्यांनी वाढणारा दगडी प्रवाळ) फांद्या तोडून त्यांनी इतरांना वाटल्या, त्या इतरांनी पुढे वाटल्या, आणि ते एकच प्रवाळ युरोपभरच्या टाक्यांत पसरले. नाजूक समजला जाणारा अ‍ॅक्रोपोरा घरात फक्त जगत नाही, भराभर वाढतो आणि कलमासारखा वाटता येतो, हे त्याने सिद्ध केले. अशा तुकड्यांची ‘फ्रॅग’ नावाने चालणारी आजची सारी देवघेव या प्रघातातूनच फोफावली.

अमेरिकेत वेगळाच प्रवास झाला. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांनी तिथल्या मासिकात डच पद्धतीच्या टाक्यांवर लेखमाला लिहिली. पाणी हवेत उघड्या ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या गोळ्यांवरून झिरपवणाऱ्या ट्रिकल फिल्टरवर तिचा भर होता. रंगीत छायाचित्रे पाहून हजारोंनी टाक्या मांडल्या, पण तो फिल्टरही नायट्रेटपाशीच थांबणारा. मऊ प्रवाळ तगले, दगडी झिजले. पुढच्या दशकात त्याच लोकांनी फिल्टरमधले ते गोळे उपसून फेकले आणि बर्लिनची वाट धरली. टाकीखालचा सम्प, म्हणजे यंत्रे ठेवायची दुसरी टाकी, मात्र या वळणाने घरोघरी रुळवला, आणि तो राहिला. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये वॉल्टर एडी यांनी मुद्दाम वाढवलेल्या शैवालाकडून पाणी शुद्ध करून घेतले, मोनॅकोत झाँ जोबेर यांनी वाळूच्या जाड थराखाली पोकळी ठेवून तेच साधले. दोन्ही पद्धतींचे वंशज आजच्या टाक्यांत दिसतात. चुनखडीची भरड कार्बन डायऑक्साइडने विरघळवणारा कॅल्शियम रिअ‍ॅक्टर आणि मोजून क्षार सोडणारी हान्स-वेर्नर बालिंग यांची पद्धत १९९० च्या दशकात आली. डोसिंग पंप आज करतो ते काम बालिंग यांच्या पद्धतीचेच.

उजेडाची गोष्ट थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. पाणी लाल रंग वरच्या काही मीटरांतच गिळते. खोल उरतो तो निळा. प्रवाळातली शैवाले त्याच निळ्यावर जगायला सरावलेली असतात. मेटल हॅलाइडने हा प्रकाश दिला, पण त्याबरोबर भयंकर उष्णता आणि विजेचे बिलही. १९९३ मध्ये जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एलईडी बनवला, आणि निळ्या एलईडीच्या शोधासाठी त्यांना अकासाकी व अमानो यांच्यासह २०१४ चे नोबेल मिळाले. प्रवाळटाक्यांत एलईडी दिवे २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात आले. रंग आणि तीव्रता तासातासाला बदलता येऊ लागली, पहाट आणि चांदणेसुद्धा ठरवता येऊ लागले.

या चांदण्याचा उपयोग फक्त शोभेसाठी झाला नाही. लंडनच्या हॉर्निमन म्युझियममध्ये जेमी क्रॅग्ज यांनी तापमान, सूर्यप्रकाश आणि चंद्राचे चक्र मूळ समुद्राप्रमाणे चालवले आणि बंद टाकीतल्या अ‍ॅक्रोपोरांनी अपेक्षित वेळी अंडी-शुक्राणू सोडले. त्यांच्याच सहकार्याने २०१९ मध्ये फ्लोरिडा अ‍ॅक्वेरियमने अटलांटिकमधला खांबासारखा वाढणारा पिलर कोरल प्रयोगशाळेत प्रजनन करायला लावला. फ्लोरिडाच्या समुद्रात हे प्रवाळ २०१४ पासून पसरलेल्या रोगाने संपत चालले आहे. छंदातून घडलेली साधने जंगली प्रवाळाच्या मदतीला आली, हा या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा टप्पा वाटतो.

कारण व्यापाराने घेतलेलेही कमी नाही. १९९० पर्यंत सर्व दगडी प्रवाळ साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आले, म्हणजे परवान्याशिवाय त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. भारताने २००१ मध्ये सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले, वाघाच्या पंगतीत. हे आपल्यापासून दूरचे नाही. मालवणच्या सागरी अभयारण्यात प्रवाळ आहेत, विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर समुद्रात अंग्रिया बँक ही प्रवाळांची बुडालेली उंचवट्याची जागा आहे, आणि मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये हाजी अली-वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळवसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली हलवाव्या लागल्या. किनाऱ्यावरून एक तुकडा उचलणेही गुन्हा आहे. साइट्स यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना याच कायद्याची २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीही करावी लागते.

म्हणून आपल्याकडे निवडीचा क्रम उलटा लावावा, असे मी आग्रहाने सांगेन: आधी कायद्याची सध्याची यादी वाचायची, मग जीव ठरवायचे, आणि यंत्रे शेवटी. मशरूम किंवा लेदरसारखे मऊ प्रवाळ ठेवायचे असतील तर कॅल्शियम रिअ‍ॅक्टर लागत नाही, अतिप्रखर दिवाही लागत नाही. नियमित पाणी बदलल्यानेही बरेच भागते. पाणी गाळून क्षारमुक्त करणारे आरओ-डीआय मात्र सोडू नये, कारण बोअरच्या पाण्यातले क्षार आणि नायट्रेट थेट टाकीत जातात. युरोपात हीटर लागतो, इथे उलट अडचण. प्रवाळाला २५-२६ अंश मानवतात आणि मुंबईत एप्रिल-मेमध्ये टाकीचे पाणी सहज ३० च्या वर जाते. तिथल्या दमट हवेत बाष्पीभवन मंद होते, म्हणून पंखा पुरत नाही आणि चिलर घ्यावा लागतो. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पंख्यावर दोन-तीन अंश खाली येतात. वीज गेली तर उजेडाशिवाय प्रवाळ एखादा दिवस काढतो, पण प्रवाहाशिवाय काही तासांतच पाण्यातला प्राणवायू संपू लागतो. इन्व्हर्टरवर जोडायचे पहिले यंत्र प्रवाहाचा पंप, म्हणजे वेव्हमेकर, असावे, दिवा नव्हे.