सुगी केक: रवा बटरमध्ये का मुरवायचा?

‘मैदा नाही, रव्याचा आहे, म्हणजे पौष्टिक’ असं केकबद्दल सर्रास ऐकू येतं. पण दोन्ही गव्हाच्या एकाच गाभ्यातले: जाड ठेवला तर रवा, बारीक दळला तर मैदा. कोंडा दोन्हींतून गेलेलाच. खरा फरक कणाच्या आकारात आहे, आणि सिंगापूर आणि मलेशियातल्या मलाक्का इथल्या युरेशियन (युरोपीय-आशियाई मिश्र वंशाच्या) घरांत नाताळाला, लग्नाला होणारा सुगी केक त्याच फरकावर उभा आहे. सुगी म्हणजे आपली सुजीच. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने पुढच्याच वर्षी मलाक्का जिंकलं. तिथल्या पोर्तुगीज वस्तीतून या समाजाची एक शाखा घडली.

एक चांगलं प्रमाण: बारीक रवा २५० ग्रॅम, बटर २५०, साखर २००, बदामाची भरड १२०, मैदा ५०, दहा बलक, पाच अंड्यांचं पांढरं, चमचाभर बेकिंग पावडर, थोडी ब्रँडी.

आधी मऊ बटर फेटून त्यात रवा कालवायचा आणि चार-सहा तास मुरू द्यायचा. बटरमध्ये सुमारे १६ टक्के पाणी असतं, म्हणजे इथे ४० ग्रॅम, तेही स्निग्धांशात अडकलेल्या सूक्ष्म थेंबांच्या रूपात. कणाच्या मध्यापर्यंत पाणी झिरपायला लागणारा वेळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मैद्याचा कण ०.१ मिलिमीटर आणि रव्याचा ०.५ धरला, तर जाडी पाचपट, पण वेळ पंचवीसपट! अंड्यांतलं पाणी मिळतं खरं, पण तोवर केक ओव्हनमध्ये गेलेला असतो. मध्यभागी पाणी पोचलं नाही तर तिथला स्टार्च फुगत नाही आणि घास दाताखाली कचकचतो. साखरही पाणी ओढून धरते, म्हणून ती रव्यात नाही, बलकांबरोबर फेटायची. बटरऐवजी तूप घेतलं तर मुरवणं वाया जातं, कारण तुपात पाणी जवळपास नसतंच. फ्रिजमध्ये ठेवलं तर बटर घट्ट होऊन मुरणं रेंगाळतं.

फेटलेलं पांढरं शेवटी, तीन वेळा करून, हलक्या हाताने मिसळावं. १६० अंशांवर साधारण तासभर भाजावं. आच जास्त झाली की वरचा थर आधी आवळतो आणि फुटतो.

वीस तुकडे केले तर प्रत्येकी सुमारे २५० कॅलरी, १५ ग्रॅम स्निग्धांश (निम्मा संपृक्त), ५ ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम सव्वा ग्रॅम तंतू पडतात. त्यातले निम्म्याहून अधिक तंतू बदामाचे. बदामातून ई-जीवनसत्त्वही मिळतं. बदामाने बुद्धी तल्लख होते हा मात्र नुसता समज. बटर ५० ग्रॅम कमी केलं तर तुकड्यामागे १८ कॅलरी वाचतात, पण अख्ख्या केकमधलं ८ ग्रॅम पाणीही जातं. तेवढ्यासाठी रवा मुरवतानाच दोन लहान चमचे दूध घालावं.