बंदा रुपया ते ९२५ : चांदीवरच्या छापाची पार्श्वभूमी

होळीआधी सातपुड्यात आदिवासींचा भोंगऱ्या बाजार भरतो. त्या बाजारात नंदुरबारकडच्या धडगावला गेलात, तर बायांच्या अंगावरची चांदी आधी डोळ्यांत भरते. गळ्यात सरी, रुपयांची माळ, पायात जाड कडी. जुन्या डागांवर, म्हणजे दागिन्यांवर, शुद्धतेचा आकडा सहसा सापडत नाही. पण माळेतला रुपया स्वतःच एक छाप होता.

१८३५ पासून कंपनी सरकारचा आणि पुढे राणीछाप रुपया वजनाला एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम भरायचा. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. आजच्या हिशेबाने हजारात ९१६. शिक्का सरकारचा, त्यामुळे तो नुसता वाजवून घ्यायचा. खणखणला की झालं. तोच रुपया आटवून कडी केली, की मात्र सगळा भरवसा सोनारावर. तांबं किती, रेण (जोडकामाचा डाक) किती, हे डाग मोडीला गेला आणि टंच काढला, म्हणजे शुद्धता तपासली, की मगच कळायचं. तोवर पोरीचं लग्न किंवा आजारपण दारात उभं असायचं, आणि घासाघीस करायला बाईजवळ वेळ नसायचा. मला छापाचं मोल वाटतं ते यासाठी.

रुपयाचा भरवसाही पुढे गेला. युद्धकाळात, १९४० मध्ये, त्यातली चांदी निम्म्यावर आणली. वजन तेवढंच ठेवलं. म्हणून सहाव्या जॉर्जचा रुपया हाती आला, तर आधी साल वाचावं. १९४७ चा रुपया तर निकेलचाच.

चांदीच्या मालावरच छाप मारायची जुनी रीत इंग्लंडमध्ये होती. तिथे १३०० साली चांदीला बिबट्याच्या तोंडाची खूण सक्तीची झाली. पुढे लंडनच्या सोनारांच्या हॉलमध्ये माल नेऊन छाप घ्यावा लागे, त्यावरून ‘हॉलमार्क’.

आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने चांदीचं हॉलमार्किंग २००५ मध्ये सुरू केलं. आकडा हजारातले भाग सांगतो: ९२५ म्हणजे ९२५ भाग चांदी, उरलेलं बहुधा तांबं, कारण निव्वळ चांदी मऊ पडते. १ सप्टेंबर २०२५ पासून छापात सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या डागाचा स्वतःचा ओळख क्रमांक, आला. तो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. सोन्यासारखी सक्ती मात्र तेव्हा केली नाही, त्यामुळे छापाचा माल गिऱ्हाइकालाच मागून घ्यावा लागतो.

आजीच्या तोड्यांवर छाप नाही म्हणून ते खोटे ठरत नाहीत. मोडायचेच असतील, तर आधी टंच काढून आकडा लिहून घ्यावा, भावाचं मग बोलावं.