कोळंबीचे हात थांबले की

घरच्या मत्स्यटाकीत पाळलेली कोळंबी ठणठणीत आहे का, हे बघताना बहुतेकांची नजर आधी तिच्या रंगावर जाते. माझी हातांवर जाते. चेरी कोळंबी (हौसेने पाळतात ती छोटी, बहुधा लाल कोळंबी) घ्या. तिच्या पुढच्या दोन जोड्या पायांना, म्हणजेच हातांना, बारीक चिमटे असतात आणि चिमट्यांच्या टोकाला केसांचे झुपके. दगड, पानं, काच, फिल्टरचा स्पंज, जे समोर येईल ते ती या चिमट्यांनी खरवडते आणि त्यावरचं शेवाळ, जिवाणूंचा बुळबुळीत थर तोंडात सारत राहते. आपण खाऊ टाको वा न टाको, हे काम दिवसरात्र चालू असतं. रंगाचं तसं नाही. तळाची वाळू फिकी असली किंवा कोळंबी नुकतीच प्रवास करून आली असली, तरी तो उतरतो.

हात थांबवून बसलेली कोळंबी दिसली की मी बाकीच्यांकडे बघतो. एकटीच झाडीत दडून बसली असेल तर बहुधा कात टाकायची वेळ आली असते, किंवा नुकतीच टाकून झालेली असते. नवं कवच कडक होईपर्यंत ती बाहेर पडायला धजत नाही. टाकलेली कात मिशा-पायांसकट अख्खी असते, त्यामुळे नवखा माणूस हमखास दचकतो. पण कात पोकळ आणि पारदर्शक असते, मेलेली कोळंबी मात्र अपारदर्शक, गुलाबीसर होते. कात काढून टाकू नये. कोळंब्याच ती खातात आणि त्यातले क्षार परत मिळवतात.

सगळ्यांचेच हात एकदम थांबले असतील, तर दोष पाण्यात शोधावा.

पळापळीचा अर्थ लावणं जास्त अवघड. मादीने कात टाकली की तिचा रासायनिक संदेश पाण्यात पसरतो आणि नर तिच्या शोधात तासन्‌तास टाकीभर सैरावैरा पोहतात. बाकीच्या माद्या आणि पिल्लं तेव्हा निवांत चरत असतात, आणि खूण हीच. माद्या-पिल्लंही उधळली, काचेवर आपटू लागली, तर अमोनिया, नायट्राइट (दोन्ही टाकीतल्या घाणीतून होणारी विषारी द्रव्यं), कीटकनाशक किंवा तांबं यांचा संशय घ्यावा. कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोसायनिनमध्ये तांबंच असतं, तरीही पाण्यात विरघळलेलं तांबं अगदी थोडं वाढलं तरी तिला मारतं. माशांच्या परजीवींवरच्या काही औषधांत ते असतं, म्हणून बाटलीवरचा मजकूर वाचल्याशिवाय थेंबही टाकू नये. टाकीच्या खोलीत डासांचा फवाराही मारू नये.

सगळ्या कोळंब्या पाण्याच्या पृष्ठभागाजवळ गोळा झाल्या, तर पाण्यात प्राणवायू कमी पडला असण्याची शक्यता मोठी. गरम पाण्यात तो कमी विरघळतो. एअरपंप लावावा, तापमान हळूहळू उतरवावं.

अंडी घेतलेली मादी मात्र एका जागी बसलेली असली तरी पोटाखालचे पाय हलवतच असते. अंड्यांवर ताजं पाणी खेळतं राहावं म्हणून तिचं हे वारा घालणं साधारण तीन-चार आठवडे चालतं. तिने अंडी मधेच टाकून दिली, तर तिला काहीतरी सोसत नाही असं समजावं. पहिल्या खेपेच्या मादीकडून थोडी अंडी सांडतात, त्याचं मी फारसं मनावर घेत नाही.

शरीरावरची दोन चिन्हं वाईट. एक म्हणजे आतलं काचेसारखं मांस दुधाळ होणं. दुसरं, पाठीचं कवच आणि शेपटीकडचा भाग यांच्यामध्ये शरीराभोवती पूर्ण गोल फिरलेली पांढरी रेघ. कात अडकली असा तिचा अर्थ, आणि अशी कोळंबी सहसा वाचत नाही. पाण्यातले क्षार कमी पडणं हे त्यामागचं एक कारण. दुसऱ्या कारणाला बऱ्याचदा आपणच जबाबदार असतो. काही बिघडलं असं वाटलं की घाईने टाकीतलं अर्धं पाणी बदललं जातं आणि त्या धक्क्याने कोळंब्या अवेळी कात टाकू लागतात. आधी पाणी तपासावं. बदलायचंच असेल तर थोडं, त्याच तापमानाचं, आणि बारीक नळीतून थेंबथेंब सोडावं.